दोन ओळींचं भोक

थॉर्नबी गावात कथबर्ट अँब्लर मास्तरांची आठवण निघाली की लोक दोन गोष्टी सांगतात. एक म्हणजे, हा माणूस पंधरा दिवसांसाठी म्हणून मिसेस डाउस यांच्या घरी भाड्याने राहायला आला आणि एकतीस वर्षं राहिला. दुसरी म्हणजे, कोणी वापरत नाही असे शब्द गोळा करण्यात याने अर्धा जन्म घालवला. दोन्ही खरं आहे. तिसरी एक गोष्ट आहे, ती फक्त मिसेस डाउस यांना आणि मला माहीत होती. मिसेस डाउस गेल्या वर्षी गेल्या. त्या गोष्टीत माझं नाक चांगलंच कापलं गेलेलं असल्यामुळे मी आजवर गप्प होतो.

मी हर्बर्ट मॉल्टबी. इथल्या ग्रामर स्कूलमध्ये अठ्ठावीस वर्षं सुतारकाम शिकवलं. अँब्लर मास्तर लॅटिन शिकवायचे. आमच्या शिक्षकांच्या खोलीत डिग्रीवाले लोक काळे झगे घालून शेकोटीजवळ बसायचे आणि मी माझा तपकिरी डगला घालून दारापाशी, जिथे वारा येतो तिथे. इतक्या वर्षांत "मॉल्टबी, जरा पुढे सरक, तिथे गारठशील," असं म्हणणारा एकच झगेवाला निघाला, तो म्हणजे हा. अर्थात त्यातही त्यांचा मतलब होता. त्यांना चिठ्ठ्या ठेवायला खणांचं कपाट हवं होतं.

मी ओकचं कपाट करून दिलं. अक्षरं सव्वीस, पण मी आडवे नऊ आणि उभे तीन असे सत्तावीस खण केले, कारण सव्वीस खणांचं कपाट बेढब दिसतं. मास्तरांनी बोट लावून खण मोजले.

"मॉल्टबी, हा एक जास्त झाला."

"असू द्या. कुठल्याच अक्षरात न बसणारं काही सापडलं तर ठेवा त्यात."

"असं काही नसतं," ते म्हणाले.

चिठ्ठ्यांचं प्रकरण असं होतं. ऑक्सफर्डला इंग्रजीचा मोठा शब्दकोश करणारी मंडळी त्या सुमारास त्याची पुरवणी करायला बसली होती. त्यांच्यासाठी देशभरातले हौशी वाचक फुकट वाचायचे. तळहाताएवढी चिठ्ठी घ्यायची, डाव्या कोपऱ्यात शब्द लिहायचा, खाली तारीख, लिहिणाऱ्याचं नाव, पान, आणि मग तो शब्द ज्यात आला ते वाक्य. जुनंपानं पुस्तक असेल तर वाक्य कात्रीने कापून चिठ्ठीवर डकवायचं, म्हणजे उतरवताना चूक व्हायला नको. कापून झालेलं पान मास्तर शेकोटीत टाकत. त्यांना त्याचं काहीच वाटत नसे. "गर काढून घेतला, आता साल कशाला ठेवायची?" असं म्हणायचे.

सुरुवातीला ते कसल्याशा डिंकाने डकवत. आमच्याकडच्या दमट हवेत तो डिंक सुटायचा. ऑक्सफर्डहून एकदा तक्रार आली की तीन चिठ्ठ्या नुसत्या कोऱ्या पोहोचल्या, वाक्यं वाटेत गळाली. मग मी त्यांना माझ्या कामाच्या खोलीतला पातळ सरस बाटलीत भरून दिला. त्या सरसाने डकवलेलं एकही वाक्य पुढे गळालं नाही, आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला मिसेस डाउस यांच्या टेबलाशी, मनुका घातलेला प्लम ब्रेड आणि चीज खाताना.

"मॉल्टबी, माझ्या खुर्चीचा पाय कधी बसवतोस?"

"उद्या."

"क्रास," मास्तर म्हणाले. "लॅटिनमध्ये क्रास म्हणजे उद्या. कामं उद्यावर ढकलण्याला आपण इंग्रजीत प्रोक्रॅस्टिनेट म्हणतो, तो शब्द त्यातूनच आला. तो तर तुझ्या वर्गातल्या पोरांनाही येतो."

"मग परवा बसवतो."

मी थट्टेने म्हटलं होतं, पण मास्तरांनी सुरी खाली ठेवली. असं काही निघालं की त्यांचे कान लाल व्हायचे. "परवासाठी निराळा शब्द आहे. पेरेंडिए. पेर म्हणजे पलीकडे, डिए म्हणजे दिवशी. उद्याच्याही पलीकडच्या दिवशी. त्यावरून पेरेंडिनेट करणं. परवावर टाकणं. कोशात आहे, पण धूळ खात पडलाय. आमचे बाबा वापरायचे. पाद्री होते ना, जेवताना लॅटिन शिकवायचे. मग थिओ आणि मी वापरायला लागलो. चौथं माणूस मला अजून भेटलेलं नाही."

"म्हणजे आळशीच ना? उद्यावाला काय, परवावाला काय."

"नाही. उद्या म्हणणाऱ्याला निदान लाज वाटत असते. परवा म्हणणारा सभ्यपणे नाही म्हणत असतो." मग हसून म्हणाले, "जुन्या कॉलेजांत पाहुणा म्हणून यायचं आणि मुक्काम लांबवत राहायचं, त्यालाही हाच शब्द लावत."

मिसेस डाउस चहा ओतत होत्या. "तुम्हीच की ते," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांचे पाहुणे. चादर बदलायला टाकली आहे, वर जाताना घेऊन जा."

थिओ म्हणजे त्यांची बहीण थिओडोरा, दोन वर्षांनी मोठी. बापाने लॅटिन दोघांना सारखंच शिकवलं, पण कॉलेजला एकालाच पाठवलं. थिओडोराबाईंनी लग्न केलं नाही, व्हिटबीला लोकरीचं दुकान चालवलं. दर पंधरा दिवसांनी दुकानात बसून भावाला पत्र लिहायच्या, पातळ कागदाच्या दोन्ही बाजूंनी, पेन्सिलीने. पत्रात लोकरीच्या भावापासून गल्लीतल्या मांजरांपर्यंत सगळं असायचं, आणि मधूनच बापाच्या वेळचा एखादा ठेवणीतला शब्द. मास्तर ती पत्रंही कापायचे.

सत्तावन्नच्या नाताळात बाई थॉर्नबीला आल्या होत्या. मी त्यांना तेवढ्या एकदाच भेटलो. ठेंगण्या, बोलायला तिखट. माझ्या कपाटाचं कौतुक करत त्यांनी सहज एक खण ओढला आणि वरचीच चिठ्ठी हातात आली. स्वतःचं अक्षर कोण ओळखणार नाही?

"कथबर्ट, हे माझं पत्र आहे."

"त्यातलं एक वाक्य, थिओ. फार सुंदर शब्द वापरला होतास."

"आणि बाकीचं पत्र?"

मास्तरांनी शेकोटीकडे पाहिलं. दुसरीकडे पाहायला हवं होतं.

"चांगले शब्द तेवढे ठेवलेस," बाई म्हणाल्या. "आणि मी? मी तुला पत्र लिहिते, कात्रणं पुरवत नाही. पुन्हा कापलंस तर एक ओळ लिहायची नाही मी, सांगून ठेवते."

मास्तरांनी शब्द दिला. माझ्यादेखत दिला. मी गालात हसत होतो, कारण साठीच्या घरातल्या लॅटिन मास्तरला बहीण पोरासारखं झापते आहे हे काही रोज पाहायला मिळत नाही.

त्यानंतर दहा आठवडे मास्तरांनी शब्द पाळला. मग मार्च उजाडला आणि तो मंगळवार आला. मिसेस डाउस यांचं घर शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच आहे, आणि मंगळवारी मास्तरांच्या आठवड्याच्या चिठ्ठ्या मी सायकलवरून पोस्टात टाकायचो. आत गेलो तर मास्तर नाश्त्याच्या टेबलाशी उभे, अंड्याला हात लावलेला नाही, हातात बहिणीचं पत्र.

"मॉल्टबी, ऐक. 'बाबांच्या पुस्तकांची ट्रंक उघडायचं तू सहा वर्षं पेरेंडिनेट करतो आहेस. उंदीर मात्र तसं करत नाहीत.' ऐकलंस? जिवंत माणूस. एकोणीसशे अठ्ठावन्न. लिहिताना हसतेय ती. कोशवाल्यांना असलं काही स्वप्नातही मिळालं नसेल."

"छान आहे. पोस्टाची थैली पावणेनऊला निघते."

"उतरवून घेतो. दोन मिनिटं."

"मागच्या खेपेलाही दोन मिनिटं म्हणालात आणि मला शाळेला उशीर झाला. कापा की."

ते थबकले. "मी तिला शब्द दिलाय."

आणि मी म्हणालो, "मास्तर, बाई तिकडे व्हिटबीला बसल्यात. त्यांना काय दिसतंय?"

हे मी म्हणालो. नंतर मास्तरांनी कधी चुकूनही मला त्याची आठवण करून दिली नाही, म्हणून मीच इथे लिहून ठेवतो आहे. त्यांनी कात्री घेतली, पानाच्या तळाच्या दोन ओळी कापल्या, माझ्या सरसाने चिठ्ठीवर डकवल्या, तारीख घातली, लिफाफ्यात टाकल्या. पावणेनऊला तीन मिनिटं असताना मी लिफाफा पोस्टात दिला.

त्यांनी तोवर पत्राची एकच बाजू वाचली होती.

पुढे महिनाभर मास्तर माझ्याशी नीट बोलले नाहीत. बहीण गेली ते कळलं, ते व्हिटबीला जाऊन आले, दंडाला काळी फीत लावून शिकवायला लागले. त्या गोष्टीचा उलगडा मला उन्हाळ्याच्या सुट्टीत झाला. त्यांनी मला खोलीत बोलावलं, सत्ताविसावा खण उघडला आणि पत्र माझ्या हातात दिलं. मागच्या बाजूला बाईंनी लिहिलं होतं की पित्ताशयाचं ऑपरेशन चौदा तारखेला ठरलं आहे, डॉक्टर म्हणतात किरकोळ आहे, दुकान शेजारीण बघेल. आणि मग, पानाच्या तळाशी, 'कथबर्ट, त्याआधी तू' एवढे शब्द, आणि पुढे खिडकी. माझं बोट त्यातून आरपार गेलं. खिडकीच्या खाली 'थिओ' एवढंच उरलं होतं.

"संध्याकाळी उलटून पाहिलं," मास्तर म्हणाले.

"मग विचारायचं होतं. तार करायची."

"काय विचारणार? मागच्या बाजूच्या दोन ओळी काय होत्या? म्हणजे मी कापलं हे तिला कळलं असतं." त्यांनी चष्मा काढला. "मी तिला गोडगोड पत्र लिहिलं. सगळं ठीक होईल, इस्टरला येतोच आहे. ऑपरेशन नीट झालं. सतराला रक्ताची गुठळी अडकून गेली. इस्टर सहा एप्रिलला होता."

सुताराला अशा वेळी हातात काहीतरी हत्यार लागतं. मी त्यांचा खण आतबाहेर करत राहिलो.

"त्याआधी तू एकदा येऊन जा," मास्तर म्हणाले. "दुसरं काय असणार? ती कधी काही मागायची नाही, मॉल्टबी. जन्मात एकदा मागितलं, आणि ते मी शब्दकोशाला पाठवून दिलं."

त्या खणात पत्राखाली चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. फुटक्या शिलालेखातली उडालेली अक्षरं पंडित लोक अंदाजाने भरतात ना, तसं त्यांनी ते भोक भरून पाहिलं होतं. बाईंचं अक्षर केवढं, ओळीत शब्द किती बसतील, सगळं मोजून. एकोणीस निरनिराळी वाक्यं होती. एकोणीसही वाक्यांत ती त्यांना बोलावत होती.

त्या दिवसानंतर मास्तरांनी कोशासाठी एकही चिठ्ठी पाठवली नाही. वाचायचे, पण कात्री टेबलावर नसायची. बापाची ट्रंक व्हिटबीहून आली, ती त्यांच्या खिडकीखाली तशीच कुलूपबंद राहिली. मी त्यांच्या मागे लागलो. त्यात अवघड ते काय होतं? चिठ्ठी ऑक्सफर्डला आहे, ते लोक काही फेकून देत नाहीत. पेन्सिलीचं लिखाण पाण्याने जात नाही आणि माझा सरस वाफेने सुटतो. एक पत्र टाकायचं, चिठ्ठी मागवायची, पट्टी उलटी करून वाचायची.

"इस्टरनंतर बघू," ते म्हणायचे.

मग उन्हाळ्यानंतर. मग नाताळ झाल्यावर. मी माणूस म्हणून काही फार गोड नाही. मी त्यांना त्यांचाच शब्द ऐकवायचो. "काय मास्तर, पेरेंडिनेट चाललंय?" सगळ्यांसमोर, शिक्षकांच्या खोलीत. बाकीच्यांना वाटायचं, सुताराने लॅटिनवाल्याचा शब्द पळवला म्हणून गंमत चालली आहे. ते हसायचे. मास्तरही हसायचे.

फक्त एकदा ते रागावले. निवृत्तीच्या वर्षी. "तुला कळत नाही का, मॉल्टबी? वाचलेलं नाही तोवर निम्मी आशा आहे. एकोणीस वाक्यं मी लिहिली, पण विसावं कदाचित तिचं असेल. एकदा पट्टी उलटली की तेही गेलं."

मी त्यानंतर चिडवणं सोडलं. बाई गेल्यापासून सगळी मिळून आठ-नऊ वर्षं अशी गेली.

सदुसष्टच्या फेब्रुवारीत त्यांची छाती भरली. डॉक्टर रोज यायला लागले. सोमवारी शाळा सुटल्यावर मी वर गेलो तर मास्तर उशांना टेकून बसलेले, आणि पत्र पांघरुणावर काढून ठेवलेलं.

"आता निम्म्या आशेने भागत नाही," ते म्हणाले. "ऑक्सफर्डला जाशील? जे असेल ते मला आणून दे. बोलावलं असेल तर बोलावलं असं सांग. मला गोड करून सांगू नकोस."

"जातो की."

"कधी?"

मंगळवारी मला निघता आलं असतं. हेडमास्तरांनी एका शब्दात रजा दिली असती. पण त्या आठवड्यात शाळा तपासनीस येणार होते आणि सायकलींच्या शेडचा नवा दरवाजा माझ्या अंगावर होता. वीस वर्षं दारापाशी बसवलेल्या माणसाला, आपलं काम वरच्या साहेबाने एकदा डोळ्यांनी पाहावं असं वाटतं. मी म्हणालो, "परवा जातो. बुधवारी."

मास्तरांना हसू आलं, मग खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "परवा. वीस वर्षांत एक तरी शब्द शिकलास."

मंगळवारी बिजागऱ्या बसेनात. बुधवारी तपासनीस आले, पण ते वर्ग बघत बसले आणि दरवाजा गुरुवारी बघतो म्हणाले. मी गुरुवारीही थांबलो. रंधा मारून दरवाजाची कड पुन्हा साफ केली. ते दोन दिवस मी मास्तरांकडे फिरकलो नाही. गेलो नाही हे कुठल्या तोंडाने सांगणार होतो? गुरुवारी दुपारी तपासनीस शेडवरून गेले, हेडमास्तरांशी बोलत. दरवाजा उघडाच होता, त्यामुळे त्यांना तो दिसलासुद्धा नाही.

शुक्रवारी पहाटेच्या गाडीने निघालो आणि दुपारी एकच्या सुमारास ऑक्सफर्डला पोहोचलो. कोशाच्या कार्यालयात मिस टर्विल नावाच्या एक बाई भेटल्या, पन्नाशीच्या, कानामागे पेन्सिल. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आतून एक लांबट खोका आणला. चिठ्ठी सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मास्तरांचं अक्षर, माझा सरस, बाईंची पेन्सिल. मिस टर्विल यांनी चिठ्ठी खिडकीशी धरली, पण दोन्हीकडची अक्षरं एकमेकांत मिसळून नुसता गिचमिड काला दिसत होता.

"चिठ्ठी बाहेर नेता येत नाही," त्या म्हणाल्या. "तसा नियम आहे."

"बाहेर नको. तुमची चहाची किटली कुठे आहे?"

"आणि फाटली तर?"

"बाई, तो सरस माझा आहे. मी लावलेलं मला सोडवता येतं."

त्यांनी दार लावून घेतलं आणि स्वतःच किटली ठेवली. मी चिठ्ठी वाफेवर धरली, खिशातल्या चाकूचं पातं गरम करून कडेने सरकवलं. दहा मिनिटं गेली असतील. पट्टी सुटली. मी ती टिपकागदावर उलटी ठेवली आणि आम्ही दोघांनी वाकून वाचली.

'येण्याची धावपळ करू नकोस. मुलांच्या परीक्षा आहेत. इस्टरला ये, ट्रंक मिळून उघडू. मी कुठे पळून जात नाही.'

मी ते तीनदा वाचलं. मग खुर्चीवर बसलो. मिस टर्विल माझ्यापुढे चहा ठेवून म्हणाल्या, "वाचक आम्हाला असले भारी शब्द ढिगाने पाठवतात. 'ये' कुणी पाठवत नाही. तो आम्हाला मागून मागून घ्यावा लागतो." त्यांनी नवी चिठ्ठी काढली, पुढच्या बाजूचं वाक्य आपल्या हाताने उतरवून घेतलं आणि मूळ पट्टी पाकिटात घालून मला दिली. "ही ज्यांच्या पत्रातली आहे त्यांना द्या."

रस्त्यावर आलो तेव्हा मी हसत होतो. एवढी थंडी होती आणि मी डोक्यावरची टोपी हातात घेऊन चाललो होतो. नऊ वर्षं हा माणूस स्वतःला खात बसला आणि मागच्या बाजूला हे लिहिलेलं. ती रागावली नव्हती, तिने वाट पाहिली नव्हती, उलट येऊ नकोस म्हणाली होती. संध्याकाळच्या गाडीची वाट बघायला मला दम निघेना. कोपऱ्यावरच्या फोनच्या खोक्यात शिरलो, नाणी टाकली आणि मिसेस डाउस यांचा नंबर फिरवला.

"मिसेस डाउस, मॉल्टबी बोलतोय, ऑक्सफर्डहून. मास्तरांना सांगा, चांगलं आहे. बोलावलं नव्हतं तिने. तुम्ही लिहून घ्या, मी वाचतो—"

"मिस्टर मॉल्टबी," त्या म्हणाल्या, "साडेबाराला गेले ते."

खोक्याच्या काचेवर माझ्या श्वासाची वाफ धरली होती. मी म्हणालो, "वाट बघत होते का?"

त्यांनी खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "बुधवारी सकाळपासून विचारत होते, मॉल्टबी निघाला का. तुम्ही शेडच्या दाराशी ठोकाठोक करत होता ते मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. त्यांची खोली पुढच्या बाजूला, त्यांना नव्हतं ऐकू येत. मी म्हटलं, निघाला. आजारी माणसाला दुसरं काय सांगणार? मला वाटलं, दुपारपर्यंत तुम्ही जालच."

"मग?"

"मग बुधवार गेला, गुरुवार गेला. काल चहाच्या वेळी मला म्हणाले, मॉल्टबी कधीच परत आलाय, मिसेस डाउस. वर यायला धजत नाही बिचारा. म्हणजे तिने बोलावलंच होतं. त्याला म्हणावं, मी रागावलो नाही."

फोन आणखी नाणी मागू लागला. पाकिटातली पट्टी माझ्या दुसऱ्या हातात होती. ते वाट बघत गेले असतील एवढंच मला वाटलं होतं. पण त्यांना उत्तर मिळालं होतं. चुकीचं उत्तर, आणि ते मीच पाठवलं होतं, थॉर्नबीहून न हलता.